महिंद्रा युनायटेड : जिंकूनही मिटलेला क्लब

नॅशनल फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली आणि २००७ मध्ये आय-लीगने तिची जागा घेतली. एवढ्या काळात तिचा चषक महाराष्ट्रात एकदाच आला, २००५-०६ च्या मोसमात. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली महिंद्रा युनायटेडने ईस्ट बंगालला मागे टाकलं. त्याच मोसमात फेडरेशन कपही त्यांच्याकडे होता. पुढच्या चार वर्षांत हा संघच उरला नाही.

संघ उभा राहिला १९६२ मध्ये, महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीचा म्हणून. तेव्हाच्या मुंबईत फुटबॉल कंपन्यांच्या आधारानेच जगत होतं. १९०२ पासून चालत आलेल्या हारवुड लीगमध्ये रेल्वे, बँका, गिरण्या, तेल कंपन्या यांचे संघ एकमेकांशी भिडत. कॅलटेक्सने तर १९५८ मध्ये रोव्हर्स कप जिंकला. चांगला खेळणाऱ्या पोराला कंपनी नोकरीला चिकटवून घ्यायची. सकाळी हजेरी लावायची, थोडं काम करायचं आणि सरावाच्या वेळेला सुटी. पायांत जोर असेपर्यंत खेळायचं, मग त्याच टेबलावर बसून निवृत्तीपर्यंत नोकरी. घरच्यांना चेंडूपेक्षा ही नोकरी महत्त्वाची वाटे, आणि त्यात काही वावगं नव्हतं.

१९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या खचल्या, मफतलालसारखे संघ मैदानावरून दिसेनासे झाले. महिंद्राने मात्र उलटी वाट धरली. १९९८ मध्ये ड्युरँड कप जिंकला, २००० मध्ये ‘महिंद्रा युनायटेड’ हे नाव घेतलं आणि संघ व्यावसायिक केला. ‘जीपवाले’ ही ओळख देशभर झाली. ब्राझीलचा बारेटो आणि घानाचा युसुफ याकुबू इथे खेळले, मुंबईचा स्टीव्हन डायस इथे नावारूपाला आला. २००१ आणि २००८ मध्ये पुन्हा ड्युरँड, २००३ आणि २००५ मध्ये फेडरेशन कप, २००६ आणि २००८ मध्ये आयएफए शील्ड. २००७ मध्ये एएफसी कपची उपांत्यपूर्व फेरी.

माणसांचं पाठबळ मात्र चषकांच्या मानाने फारच तोकडं राहिलं. कोलकात्याचा संघ मुंबईत आला, की कूपरेजच्या मैदानावर यजमानांपेक्षा पाहुण्यांचा गजर मोठा. मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत रुजलेले, तर महिंद्रा कंपनीच्या ताळेबंदातला एक खर्च. २०१० मध्ये कंपनीने मोसमाअखेर संघ बंद करायचं जाहीर केलं आणि शालेय फुटबॉलवर भर द्यायचं ठरवलं. शाळांसाठी पैसा घालणं चांगलंच. पण शाळेत खेळणाऱ्या मुलाने पुढे ज्या संघाचं स्वप्न पाहायचं, तोच पुसला गेला, ही खंत राहतेच.

स्पेनमधल्या जिरोना शहराने हेच बास्केटबॉलमध्ये भोगलं. तिथे प्रायोजक बदलला की क्लबचं नाव बदले : वाल्वी, कासादेमोंत, अकासवायू. मार्क गासोल या संघात असताना २००७ मध्ये त्यांनी फिबा युरोकप जिंकला. २००८ मध्ये यूएलईबी कपच्या अंतिम सामन्यापर्यंत धडक मारली. त्याच वर्षी बांधकाम व्यवसायातल्या अकासवायूने हात काढून घेतला आणि संघ अव्वल लीगमधून बाहेर पडला. पण २०१४ मध्ये गासोलनेच त्या शहरात नवा क्लब काढला. अमेरिकेतली एनबीए गाजवून परतल्यावर तो स्वतः त्यात खेळला आणि २०२२ मध्ये जिरोना पुन्हा अव्वल लीगमध्ये पोहोचलं.

मुंबईत महिंद्राला असा वारस मिळाला नाही. मुंबई एफसी २०१७ नंतर संपला, पुणे एफसी त्याआधीच. महाराष्ट्राला आता इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीचा आधार आहे. क्लब उरला नाही, पण त्याचा खेळाडू पुढे गेला : महिंद्राकडून खेळलेला खालिद जमील प्रशिक्षक झाला, २०१६-१७ मध्ये त्याने मिझोरमच्या ऐझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाची सूत्रं त्याच्याकडे आली.