किरकोळ व्यापार, मुंबई उपनगरांतील

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड आणि त्यांच्यालगतच्या वस्त्यांत अंतिम ग्राहकाला थेट होणाऱ्या विक्रीचा व्यवहार. १९९१ मधील आर्थिक उदारीकरणानंतर आणि पुढे संगणक व भ्रमणध्वनी यांच्या प्रसारानंतर त्याचे स्वरूप पालटले. आधी वाणी, मग मॉल आणि शेवटी ॲप, असा या पालटाचा क्रम सांगण्याची पद्धत आहे, पण ती फसवी आहे; मालाची निवड, उधारी आणि घरपोच सेवा ही एकाच वाण्याकडे असलेली तीन कामे निरनिराळ्या हातांत वाटली गेली, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

रेल्वे स्थानकालगतचा बाजार हा उपनगरी खरेदीचा कणा होता. नोकरदार माणूस संध्याकाळी लोकलमधून उतरल्यावर भाजी घेऊन घरी जाई, तर महिन्याचे वाणसामान बहुधा गुजराती, कच्छी किंवा मारवाडी दुकानदाराकडून वहीवर लिहून आणले जाई आणि पगार झाल्यावर खाते चुकते होई. या व्यवस्थेला सहकाराने पर्याय दिला. नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ मध्ये सुरू झालेला ‘अपना बाजार’ पुढे उपनगरांतही पोहोचला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या आणि विलेपार्ले येथे मुख्यालय असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने मात्र दुकानच वगळले : शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करावेत, त्यांची मासिक मागणी एकत्र करून माल घाऊक भावाने घ्यावा आणि संघापर्यंत आलेल्या मालाची वाटणी सदस्यांनीच करावी, अशी तिची पद्धत आहे. आधी मागणी आणि मग खरेदी हे तत्त्व संगणकाविना रुजले होते, याची दखल व्यापाराच्या इतिहासात पुरेशी घेतली जात नाही.

परदेशी वस्तू पूर्वी दक्षिण मुंबईतील मनीष मार्केटसारख्या ठिकाणी, बहुतांशी चोरट्या वाटेने येत आणि ‘फॉरेनचा माल’ म्हणून मिरवत. १ एप्रिल २००१ रोजी भारताने उरलेल्या ७१५ वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंध, म्हणजे आयातीच्या प्रमाणावर घातलेल्या मर्यादा, उठवले; त्यानंतर चिनी खेळणी, दिव्यांच्या माळा आणि भ्रमणध्वनीची उपसाधने स्थानकाबाहेरच्या फेरीवाल्यांकडे सर्रास मिळू लागली. सामान्य खरेदीदारापर्यंत जागतिकीकरण पोहोचवले ते वातानुकूलित दालनांइतकेच या पदपथांनी.

दालनेही त्याच सुमारास उभी राहिली. लालबहादूर शास्त्री मार्गावरील कारखानदारी ओसरत असताना मुलुंडमध्ये निर्मल लाइफस्टाइल व आर मॉल आणि घाटकोपरला आर सिटी (२००९) आले. पश्चिम उपनगरांत अंधेरीचा इन्फिनिटी मॉल २००४ मध्ये उघडला. सर्वच मॉल टिकले नाहीत. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये तर पुढे रुग्णालय चालू लागले आणि मार्च २०२१ मधील आगीत तेथील रुग्णांचे बळी गेले. याउलट २००२ मध्ये पवईत पहिले दुकान उघडणारी डीमार्ट ही साखळी वाढत गेली, कारण तिने शक्यतो जागा भाड्याने न घेता विकत घेतल्या, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून सवलत मिळवली आणि ती सवलत छापील किमतीखालच्या भावातून गिऱ्हाइकापर्यंत नेली. झगमगाटापेक्षा हे हिशेबी धोरण मध्यमवर्गाला अधिक मानवले.

अनेक ब्रँडच्या किरकोळ विक्रीत ५१ टक्के परकीय गुंतवणुकीस केंद्राने सप्टेंबर २०१२ मध्ये मुभा दिली आणि महाराष्ट्राने तिला संमती दर्शवली, तरी परदेशी भांडवल प्रामुख्याने अन्य वाटांनी आले. जर्मन कंपनी मेट्रोने बोरिवली व भांडुप येथे केवळ व्यावसायिकांसाठी घाऊक भांडारे चालवली. तिचा भारतातील व्यवसाय २०२३ मध्ये रिलायन्सने विकत घेतला. आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीने जुलै २०२२ मध्ये आर सिटीत दुकान थाटले.

वांद्रे-कुर्ला संकुलातून कारभार चालवणाऱ्या भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ मध्ये यूपीआय, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्यात तत्काळ पैसे पाठवण्याची प्रणाली, सुरू केली आणि त्याच वर्षीच्या नोटाबंदीनंतर भाजीवाल्याच्या गाडीवरही क्यूआर कोड दिसू लागला. २०२१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या झेप्टोसारख्या कंपन्यांनी दहा मिनिटांत घरपोच सेवेचे आश्वासन दिले. त्यासाठी वस्तीतच ‘डार्क स्टोअर’, म्हणजे गिऱ्हाइकाला प्रवेश नसलेले छोटे गोदाम, ठेवावे लागते. दाट इमारतींमुळे उपनगरे त्याला सोयीची ठरली. वाण्याची उधारी येथे नाही, आणि दुचाकीवरून सामान आणणाऱ्या तरुणालाही कंपनीच्या नोकराचा दर्जा नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने अशा कामगारांची व्याख्या प्रथमच कायद्यात आणली.

विक्रेता आणि ग्राहक यांच्यातील अंतर वाढल्याने तक्रार कोणाकडे करायची, हा प्रश्न तीव्र झाला. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी आयात मालाचा मूळ देश दाखवणे आणि तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकाला आपण राहतो त्या ठिकाणीच दाद मागता येत असल्याने, बंगळुरूच्या कंपनीविरुद्धची तक्रार मुलुंडचा रहिवासी वांद्रे येथील उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करू शकतो.