पैठणीची कसोटी

गोदाकाठच्या पैठणवरून नाव पडलेल्या आणि पुढे येवल्यात रुजलेल्या पैठणीला 18व्या शतकात पेशव्यांचा व नंतर हैदराबादच्या निजामांचा आश्रय लाभला. मात्र विणकराच्या कसबाला आश्रयदात्याच्या नावाहून वेगळा, वस्त्रातच सामावलेला निकष होता. नक्षीतील प्रत्येक रंगासाठी बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, स्वतंत्र कांडी वापरून रंगांच्या सीमेवर धागे एकमेकांत गुंतवले जात असल्याने अस्सल हातमागाची पैठणी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते, आणि म्हणून पदर उलटून पाहताच कामाची परीक्षा होते. यंत्रमागाच्या वेगाशी तुलना केल्यास महिनोन्महिने चालणारे हे विणकाम मागासलेले भासेल; परंतु स्वतःच्या निकषावर उभा राहिलेला अभिमान टिकण्यासाठी इतर कोणाला कमी लेखावे लागत नाही, हेच या परंपरेतून दिसते.