फेस्ताच्या वाटेवरची ओवी

नोव्हेंबर सरत आला की कोकणातून आणि बेळगावच्या सीमाभागातून ख्रिस्ती भाविक पायी जुन्या गोव्याला निघतात. २४ तारखेपासून नऊ दिवस नोव्हेना आणि ३ डिसेंबरला ‘सायबाचें फेस्त’. हातात जपमाळ, तोंडी तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. कोल्हापूरहून आजरा, आंबोली करत घाट उतरणारा रस्ताही सावंतवाडीवरून तिकडेच जातो. जोतिबाच्या सासनकाठ्या आणि पंढरीच्या दिंड्या पाहिलेल्या कोल्हापूरकराला पायांनी चालण्याची आणि तोंडाने म्हणण्याची ही रीत परकी वाटायची नाही. या म्हणण्याचे कूळ शोधू गेले, तर त्याची एक शाखा आपल्या ओवीच्या घरात निघते.

सायब म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर. ते १५४२च्या मे महिन्यात गोव्यात उतरले. घंटी वाजवत गल्लीबोळांतून फिरायचे, पोरे गोळा करायचे आणि धर्माची शिकवण त्यांच्याकडून गाऊन घ्यायचे. पाठांतरासाठी पोथीपेक्षा चाल बरी, हे त्यांनी ओळखले होते. पण ती शिकवण पोर्तुगीजमधली. घरातल्या म्हाताऱ्यांना त्यातले काय कळणार? १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळ झेवियर वारले आणि १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आणला गेला.

भाषेची ती अडचण सोडवली एका इंग्रज जेझुइटाने. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, तिथल्या साष्टी भागात राहिले, मराठी-कोंकणी शिकले. बाटलेल्या लोकांची जुनी पुराणे काढून घेतली होती. त्या जागी आम्हाला काय देता, असा प्रश्न त्यांच्या ग्रंथात एक ब्राह्मण विचारतो. त्याचे उत्तर म्हणजेच तो ग्रंथ, ‘क्रिस्तपुराण’. जवळजवळ अकरा हजार ओव्या. पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, असा ज्ञानेश्वर-एकनाथांनी रुळवलेला घाट. नावातही ‘पुराण’ हा शब्द तसाच ठेवलेला. येशूची कथा सांगायची, तर ती इथल्या कानांना ओळखीच्या लयीतच सांगावी लागेल, हे स्टीफन्सना पक्के कळले होते.

१६१६ साली ग्रंथ साष्टीतल्याच रायतूरला छापला गेला, तो रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये आवृत्त्या निघाल्या. रविवारी, सणावारी तो चर्चमध्ये वाचला जाई. मग १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम काढला आणि छपाई थांबली. म्हणणे मात्र थांबले नाही. लोकांनी हाताने नकला उतरल्या. कॅनरा किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबांनी पुराण सोबत नेले. टिपूने १७८४ साली मंगळूरच्या ख्रिस्त्यांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेले, तेव्हा याच ओव्यांनी त्यांना धीर दिला, असे तिकडे सांगतात.

१९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला, तो अशाच हस्तलिखितांवरून. जुन्या छापील तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. देवनागरीत तो पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी काढला १९५६ साली, म्हणजे पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी.