नीरेच्या दोन तीरांवरचा विद्यापीठ फुटबॉल

रोहिंटन बारिया करंडकाचं नाव काढलं की महाराष्ट्रातल्या जुन्या क्रिकेटवेड्यांचे डोळे चमकतात. १९३५ साली सुरू झालेल्या या आंतरविद्यापीठ स्पर्धेत अजित वाडेकर आणि सुनील गावसकर गाजले. फुटबॉललाही असाच करंडक आहे, सर आशुतोष मुखर्जी यांच्या नावाचा. १९४१ सालचा, म्हणजे संतोष करंडकाच्याच वयाचा. अमेरिकेतल्या महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली ती १९५९ मध्ये. तिथलं पहिलं विजेतेपद सेंट लुइस विद्यापीठानं पटकावलं, त्याच्या अठरा वर्षं आधी आपला करंडक उभा राहिला होता. इतक्या जुन्या स्पर्धेची मराठीत इतकी कमी दखल घेतली जावी, याचं वाईट वाटतं.

आशुतोष मुखर्जी हे कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू. त्याच विद्यापीठाकडून चुनी गोस्वामी फुटबॉलही खेळले आणि क्रिकेटही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतानं दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्णपदक जिंकलं. पुढे १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे कर्णधारही तेच होते.

१९६२ हेच साल आपल्याकडच्या विद्यापीठ फुटबॉललाही वळण देऊन गेलं.

भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झालं. तेव्हा त्याचं कार्यक्षेत्र बारा जिल्ह्यांचं होतं. भोर तालुक्यातल्या उत्रोलीचा विद्यार्थी आणि कोल्हापूरच्या पेठेतला विद्यार्थी कागदोपत्री एकाच विद्यापीठाचे होते. नोव्हेंबर १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ निघालं आणि सीमा आखली गेली. सारोळ्याचा पूल ओलांडून शिरवळला गेलं की सातारा जिल्हा लागतो. तिथून पुढे शिवाजी विद्यापीठ. नीरेच्या अलीकडे पुणे, पलीकडे कोल्हापूर.

या वाटणीत पुण्याच्या हातून फार मोठं धन गेलं. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावं कुस्तीच्या आखाड्यांची वाटतात, पण कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर ती फुटबॉल संघांची आहेत. पेठेच्या इभ्रतीसाठी खेळणारी ही पोरं महाविद्यालयात जातात तेव्हा खेळ अंगात मुरलेला असतो.

भोर-वेल्ह्याकडे तसं नाही, आणि त्याला मुलांचा दोष नाही. कबड्डीचं मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. गावच्या देवळापुढेही आखता येतं. १०५ बाय ६८ मीटरचं फुटबॉलचं मैदान म्हणजे पावणेदोन एकर सपाट जमीन. डोंगरउतारावर बांध घालून भातखाचरं करणाऱ्या मुलखात एवढी सलग जागा खेळासाठी सोडणं कुणालाही परवडणारं नाही.

तरीही रस्ता आहे. भोरला शिकणाऱ्या मुलाचं वय पंचवीसच्या आत हवं. पात्रता अर्जावर फोटो चिकटवून प्राचार्यांची सही आणि शिक्का घ्यायचा. आधी पुणे जिल्हा विभागाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग आंतरविभागीय, तिथून विद्यापीठाचा संघ. तो संघ पश्चिम विभागात खेळतो आणि चारही विभागांतले अव्वल संघ अखिल भारतीय फेरीत भिडतात. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेची भर पडली. पहिली भुवनेश्वरला झाली.

आता हुशार मुलं फार लवकर हेरली जातात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला. त्याला महाविद्यालयाची वाट पाहावी लागली नाही. त्यामुळे विद्यापीठ स्पर्धेचं महत्त्व ओसरलं असं म्हणणारे भेटतात. ते पटत नाही. ज्याच्या गावात ना अकादमी ना मैदान, त्या उत्रोलीच्या मुलाला अकरा जणांचा खरा सामना बहुधा महाविद्यालयाच्या जर्सीतच पहिल्यांदा मिळणार आहे.