‘क्लीन बिल ऑफ हेल्थ’मधलं बिल कसलं?

डॉक्टरांनी तपासलं आणि सगळं ठणठणीत निघालं, की इंग्रजीत म्हणतात ‘क्लीन बिल ऑफ हेल्थ’ मिळालं. हे बिल दवाखान्याचं नव्हे हं! इथे बिल म्हणजे दाखला, आणि तोही माणसाचा नाही, जहाजाचा.

शिडाच्या जहाजांच्या काळात बंदर सोडताना कप्तानाला तिथले अधिकारी लिहून देत की आमच्याकडे साथ नाही. तो ‘क्लीन’ दाखला. साथ असेल तर ‘फाउल’, नुसता संशय असेल तर ‘सस्पेक्टेड’. फाउल दाखला दिसला की पुढच्या बंदरात जहाज क्वारंटाइनमध्ये. आता गंमत बघा, दाखला खलाशांच्या तब्येतीबद्दल नव्हताच, निघालेल्या बंदराबद्दल होता. खलाशी धडधाकट असले तरी गाव आजारी म्हणून जहाज अडायचं. उलट, स्वच्छ दाखल्याच्या जहाजात प्लेगचा उंदीर असला तर कागदाला काय पत्ता?

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईत, गोदीजवळच्या मांडवीत, गाठीचा प्लेग ओळखला. सरकारी तोंडी मात्र सुरुवातीला ‘ब्युबॉनिक फीव्हर’ असा मऊ शब्द होता. कारण उघड आहे. ‘प्लेग’ म्हटलं की मुंबईहून निघणारं प्रत्येक जहाज संशयित, कापूस अडणार, धान्य अडणार. झालंही तसंच. फेब्रुवारी १८९७ मध्ये इकडे साथरोग कायदा आला, तिकडे व्हेनिसमध्ये प्लेगवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि मुंबईहून हजला जाणाऱ्यांची वाट बंद झाली. त्यातले कितीजण खरंच आजारी होते, हा प्रश्नच नव्हता.

मराठी पेपरांत याच अर्थाने ‘क्लीन चिट’ येतं. त्यातली चिट म्हणजे आपलीच चिठ्ठी. इंग्रजांनी नेली आणि शेपूट कापून परत दिली.

आणि तो जुना दाखला अजून जिवंत आहे. आमच्या वसमतच्या मोंढ्यातली हळकुंडं परदेशी निघाली की अनेक ठिकाणी फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट मागतात. घेणाऱ्या देशाने ज्यांची बंदी घातलीय अशा किडी-रोगांपासून माल मुक्त आहे, एवढंच ते सांगतं. हळदीला पिवळेपणा यावा म्हणून कुणी लेड क्रोमेट चोळलं असेल, तर ते त्या कागदाला विचारलेलंच नसतं. त्याची लॅब वेगळी, रिपोर्ट वेगळा.