मिस्टर हूपर परत येणार नाहीत

आजोबा वारले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. "आजोबा देवाघरी गेले" एवढंच मला सांगितलं गेलं. घरी गेलेला माणूस कधीतरी परत येतोच, म्हणून मी कितीतरी दिवस संध्याकाळी दारात बसायचो. दोष कुणाचाच नव्हता म्हणा. मुलांना काय सांगावं हे मोठ्यांनाच ठाऊक नसतं.

म्हणूनच 'सेसमी स्ट्रीट'ची गोष्ट मला जवळची वाटते. अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेल्या ह्या बालकार्यक्रमात विल ली पहिल्या भागापासून मिस्टर हूपर ह्या दुकानदाराचं काम करत. डिसेंबर १९८२ मध्ये ते गेले. दुसरा नट आणता आला असता, किंवा हूपर दुसरीकडे राहायला गेले असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण मंडळींनी मरणाबद्दलच बोलायचं ठरवलं. तज्ज्ञांना विचारून नॉर्मन स्टाइल्स यांनी तो प्रसंग लिहिला. हूपर आजारी होते, म्हातारे होते, असं मुद्दाम म्हटलं नाही. नाहीतर आईला ताप आला की तीही मरणार, असं एखाद्या पोराला वाटायचं!

बिग बर्ड हा भला थोरला पिवळा पक्षी, पण मनाने सहा वर्षांचा. तो सगळ्यांची चित्रं काढून आणतो. हूपरांचं चित्र ते आल्यावर देईन म्हणतो. मेलेली माणसं परत येत नाहीत, हे मोठी माणसं त्याला हळूच सांगतात. असं का, ह्या त्याच्या प्रश्नाला मात्र कुणाकडेच उत्तर नसतं. २४ नोव्हेंबर १९८३ ला, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी हा भाग दाखवला. आईवडील तेव्हा घरी असणार होते.

दरवेळी मात्र असं जमलं नाही. १९९२ साली त्यांनी घटस्फोटावर भाग केला. आधी थोड्या मुलांना दाखवून पाहिला, तर ती रडायला लागली. आईबाबा भांडले म्हणजे वेगळेच होणार, असा अर्थ त्यांनी काढला. तयार झालेला भाग मुकाट्याने बाजूला ठेवला गेला. मला ह्याचंही तितकंच कौतुक वाटतं. खरं सांगायचं धाडस हवंच, पण मुलाला काय ऐकू आलं हेही बघायला हवं.

असो. मध्यंतरी शेजारच्या आजी वारल्या. लेकीने विचारलं, "त्या कधी येणार?" "त्या वारल्या. आता येणार नाहीत." "का?"

"मलाही माहीत नाही गं," मी म्हणालो. मग ती माझ्याजवळ येऊन बसली. दारात नाही.