‘स्थिर’ ताऱ्यांचा इतिहास : चौल ते अलिबाग

हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, इतिहासकार आणि प्रवासी अल-मसऊदी आपल्या किनाऱ्यावर आला होता. त्याने ज्या बंदराला ‘सैमूर’ म्हटलं ते आजच्या रायगड जिल्ह्यातलं चौल, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, अशी नोंद त्याने ‘मुरूज अज़-ज़हब’ या ग्रंथात केली. काही सीराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, काही इथेच जन्मलेले. कोकणी मुसलमानांच्या इतिहासाबद्दल बोलताना ही नोंद आपण नेहमी सांगतो. पण ही माणसं अरबी समुद्र ओलांडून इथवर आली कशी, हा प्रश्न सहसा विचारत नाही.

उत्तर दोन शब्दांत देता येतं : वारे आणि तारे. पावसाळी वाऱ्यांनी गलबत पुढे नेलं आणि ताऱ्यांनी ते कुठे आहे ते सांगितलं. पुढच्या काळातल्या खलाशांकडे ‘कमाल’ नावाचं साधन असे. लाकडाची एक छोटी फळी आणि तिच्या मधून ओवलेली, गाठी मारलेली दोरी. दोरी दातात धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला लावायची आणि ध्रुवतारा किती वर आहे ते पाहायचं. मोजण्याचं एकक होतं ‘इस्बा’, म्हणजे बोट. ध्रुव जितका वर, तितके आपण उत्तरेला. चौलच्या किनाऱ्यावरून ध्रुवतारा आज क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंशांवर दिसतो. पंधराव्या शतकातला प्रसिद्ध दर्यावर्दी अहमद इब्न माजिद याने हे शास्त्र ग्रंथात लिहून ठेवलं. आपल्याकडे ‘नाखवा’, ‘नाखुदा’ ही आडनावं आजही आहेत. ती जहाजाच्या मालकासाठी किंवा प्रमुखासाठी असलेल्या फारसी शब्दावरून आली.

या साऱ्या विद्येचा पाया एकाच गृहीतकावर उभा होता : तारे बदलत नाहीत. ग्रह फिरतात, चंद्र वाढतो-घटतो, पण तारे आपापली जागा सोडत नाहीत. म्हणून अरबीत त्यांना ‘अल-कवाकिब अस-साबिता’, स्थिर तारे, म्हणत. ही समजूत एकट्या मुसलमानांची नव्हती. चंद्राच्या पलीकडे काहीही जन्मत नाही आणि काहीही मरत नाही, असं ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल सांगून गेला होता आणि दीड-दोन हजार वर्षं बहुतेकांनी ते मानलं.

अल-मसऊदी चौलला येऊन गेला त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने, इसवी सन ९६४ मध्ये, अब्दुर्रहमान अल-सूफी याने स्थिर ताऱ्यांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्याच्यासमोर टॉलेमीची आठशे वर्षं जुनी यादी होती. त्याने ती नुसती उतरवून घेतली नाही. प्रत्येक तारा स्वतः पाहिला, त्याची तेजस्विता पारखली आणि टॉलेमीचं जिथे पटलं नाही तिथे तसं लिहिलं. देवयानी तारकासमूहात त्याला एक ‘छोटा ढग’ दिसला, तोही त्याने नोंदवला. ती आपल्या आकाशगंगेबाहेरची एक संपूर्ण दीर्घिका आहे, हे कळायला १९२० चं दशक उजाडावं लागलं.

आज जगभर वापरली जाणारी ताऱ्यांची कितीतरी नावं याच परंपरेतली आहेत. आपण ज्याला रोहिणी म्हणतो ती ‘अल्डेबरन’, म्हणजे अद-दबरान, कृत्तिकांच्या मागून चालणारा. श्रवण म्हणजे ‘अल्टेअर’, अन-नस्र अत-ताइर, उडतं गिधाड. अभिजित म्हणजे ‘व्हेगा’, अन-नस्र अल-वाकिअ, खाली झेपावणारं गिधाड. ‘रायजेल’ म्हणजे रिज्ल, पाय. ‘फोमलहॉट’ म्हणजे फम अल-हूत, माशाचं तोंड. आर्द्रेचं नाव ‘बीटलज्यूस’ हे मुळात यद अल-जौज़ा, जौज़ाचा हात. युरोपात नक्कल करताना कुणीतरी ‘ये’ चा ‘बे’ वाचला आणि एका नुक्त्याच्या चुकीने हाताचं भलतंच काही होऊन बसलं.

ही यादी आपल्यात फार लोकप्रिय आहे. विज्ञान दिन आला की मोबाइलवर फिरते, शाळांच्या स्नेहसंमेलनात वाचली जाते. अभिमान वाटायला हरकत नाही. पण यादी वाचून आपण थांबतो, आणि थांबल्यावर हळूच पुढचं वाक्य येतं : सगळं आपल्याकडे आधीच ठाऊक होतं. हेच वाक्य दुसऱ्या समाजातही वेगळ्या ग्रंथांची नावं घेऊन बोललं जातं. तो दावा अल-सूफीलाही मान्य झाला नसता. आधीच सगळं ठाऊक असतं तर टॉलेमीची यादी हातात असताना तो रात्र-रात्र आकाश कशाला तपासत बसला असता?

खरा इतिहास यापेक्षा रोचक आहे. अल-सूफीच्या ग्रंथानंतर ४२ वर्षांनी, इसवी सन १००६ मध्ये, आकाशात अचानक एक नवा तारा उगवला. कैरोजवळ फुस्तात इथे अली इब्न रिदवान नावाचा तरुण विद्यार्थी तेव्हा शिकत होता. पुढे तो नामवंत हकीम झाला. हा तारा शुक्राच्या अडीच ते तीन पट मोठा दिसत होता आणि त्याचं तेज चंद्राच्या पाव हिश्श्याहून थोडं जास्त होतं, असं त्याने लिहिलं. त्या वेळी कोणता ग्रह कुठे होता तेही टिपलं. चीन, जपान आणि युरोपातही तो तारा पाहिला गेला. इब्न रिदवानला त्यामागचं कारण माहीत नव्हतं, माहीत होण्याची सोयही नव्हती. पण स्थिर मानलेल्या आकाशात जे दिसलं ते त्याने लपवलं नाही. त्या नोंदींच्या आधारे विसाव्या शतकात दुर्बिणींनी ती जागा शोधली. तिथे एका स्फोटाचे अवशेष अजून पसरत आहेत. तो तारा जन्मला नव्हता, मेला होता.

तारे नेमके कशाचे बनलेत हे कळण्याची सुरुवात १८५९ मध्ये झाली. त्या वर्षी जर्मनीत किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवलं की प्रकाशाच्या पट्ट्यातल्या रेषांवरून दूरच्या वस्तूतली मूलद्रव्यं ओळखता येतात. त्याच वर्षी १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग काढत असताना त्याला तिथे एक लख्ख ज्वाला दिसली. साडेसतरा तासांच्या आसपास उलटले आणि पृथ्वीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघालं. तारयंत्रं बिघडली. या वादळाची एक अत्यंत मोलाची नोंद मुंबईत झाली, कुलाब्याच्या वेधशाळेत.

कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सुरू केली आणि १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी नियमित होऊ लागल्या. सुरुवातीच्या त्या वर्षांत तिथे काम करणाऱ्यांत केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, हेही होते. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा पुढे पुण्यात गणिताचा प्राध्यापक झाला, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिली आणि टिळकांसारखे विद्यार्थी घडवले. १८५९ साली केरूनाना कुलाब्यात नव्हते, पण शिस्त तीच होती. दर तासाला सुईची जागा लिहायची, आणि सुई अस्वस्थ झाली तर काही मिनिटांच्या अंतराने लिहीत राहायचं. २ सप्टेंबरला पाळीवर असलेल्यांनी तेच केलं. क्षेत्राचं आडवं बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचं त्या आकड्यांत आहे. २००३ मध्ये भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी ते आकडे पुन्हा काढून तपासले, तेव्हा १८५९ चं वादळ किती भयंकर होतं हे नीट समजलं. मार्च १९८९ च्या त्याहून सौम्य वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज घालवली होती. १८५९ मध्ये पाळी करणाऱ्यांनी कंटाळा केला असता तर आज हा हिशेब मांडता आला नसता.

पुढे मुंबईत विजेवरच्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेमुळे कुलाब्याच्या सुया बिघडणार होत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक, पारशी शास्त्रज्ञ नानाभाई मूस यांनी चुंबकीय कामासाठी समुद्रापलीकडचं अलिबाग निवडलं. तिथली इमारत लोखंड टाळून बांधली. १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालवलं. मालिका तुटली नाही. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत आणि ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या ताब्यात त्या आहेत, तिचं मुख्यालयही आज रायगडमध्येच, नवीन पनवेलला आहे. समुद्रावर फिरायला जाणारे पर्यटक त्या आवाराजवळून जातात. आत जी सुई हलते ती बऱ्याचदा एका ताऱ्यामुळे हलते, कारण सूर्य हाही एक ताराच आहे, आपल्याला सर्वांत जवळचा.

तारा जन्मतो कसा, हे पाहायला याच किनाऱ्यावर जानेवारीच्या रात्री मान वर करावी. मृगातल्या तीन ताऱ्यांच्या खाली एक अंधुक धुरकट ठिपका दिसतो. तो सुमारे तेराशे प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ आहे, वायू आणि धुळीचा. असा ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसतो. आकसताना फिरण्याचा वेग वाढतो आणि उरलेला माल भोवती तव्यासारखा चपटा पसरतो. मध्यभागी तापमान सुमारे एक कोटी अंशांवर गेलं की हायड्रोजनपासून हीलियम बनू लागतो आणि तारा पेटतो. भोवतालच्या तव्यातले धुळीचे कण एकमेकांना चिकटत खडे होतात, खड्यांचे धोंडे, धोंड्यांचे ग्रह. ताऱ्याजवळच्या उष्णतेत खडक आणि धातू टिकतात, दूरच्या थंडीत बर्फ आणि वायू. पृथ्वी खडकाळ आणि गुरू वायूचा का, याचं मुख्य कारण हेच. आपली सूर्यमाला अशी सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी बनली.

जवळच्या कृत्तिका साधारण दहा कोटी वर्षांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात लहान मुलं. अभिजित आणि फोमलहॉट यांच्याभोवती धुळीची कडी असल्याचं १९८३ मध्ये एका अवरक्त दुर्बिणीच्या उपग्रहाला आढळलं. फोमलहॉटभोवती ग्रहाचं थेट छायाचित्र मिळालं, असं २००८ मध्ये जाहीर झालं. २०२० मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवलं की तो ग्रह नसून टकरीतून उडालेला, विरत चाललेला धुळीचा ढग असावा. अल-सूफीने टॉलेमीला तपासलं, तसंच हे.

रोहिणी म्हातारी झाली आहे. गाभ्यातला हायड्रोजन संपल्याने ती सूर्याच्या चाळीसहून अधिक पट फुगली आणि तांबूस झाली. सुमारे पाचशे कोटी वर्षांनी सूर्यही याच वाटेने जाईल. आर्द्रा तर वजनदार आहे, आणि वजनदार तारा इंधन उधळतो. तिचं आयुष्य सुमारे एक कोटी वर्षांतच संपतं, तेही स्फोटाने. आणि व्याध, ज्याला अरबीत ‘शिअरा’ म्हणतात आणि ज्याचा उल्लेख कुरआनच्या सूरह अन-नज्ममध्ये आहे, त्याच्या सोबत्याचं आयुष्य संपून गेलं आहे. तो पृथ्वीएवढा लहान पण सूर्याइतका जड असा श्वेत बटू आहे. १८६२ मध्ये तो प्रथम दुर्बिणीतून दिसला.

असा मेलेला तारा किती वजन पेलू शकतो, हे गणित ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो १९ वर्षांचा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० च्या जुलैअखेर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाला होता. त्या प्रवासातच त्याने आकडेमोड केली. मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट निघते. ज्या समुद्राने चौलला नाखुदे आणले, त्याच समुद्रावरून ही बोट गेली. इब्न रिदवानने पाहिलेला तारा म्हणजे श्वेत बटूचाच स्फोट होता. अशा स्फोटांतून विश्वातलं बरंचसं लोखंड तयार होतं. आपल्या रक्तात लोखंड आहे, पृथ्वीच्या पोटात आहे, होकायंत्राच्या सुईतही आहे.

या गोष्टीत अरब, इराणी, मिसरी, ग्रीक, जर्मन, इंग्रज, पारशी, नागावचा ब्राह्मण आणि मद्रासकडचा तरुण, सगळे आहेत. कोणीही एकट्याने ती पूर्ण केली नाही. त्यांना जोडणारी गोष्ट एकच : उत्तर ठाऊक नसताना त्यांनी नोंद प्रामाणिकपणे केली आणि पुढच्यासाठी ठेवली. इल्मचा वारसा म्हणायचं ते याला.

आपल्या मोहल्ल्यातली मुलं अल्डेबरनचा अर्थ सांगतात, हे चांगलंच आहे. त्यांना एक वही द्यावी, आर्द्रा दाखवावी आणि सांगावं की महिन्यातून दोनदा तिचं तेज रोहिणीशी ताडून तारखेसह लिही. आर्द्रेचं तेज खरोखर कमी-जास्त होतं. २०१९ च्या शेवटी ती इतकी मंदावली की जगभर चर्चा झाली. नंतर कळलं की तिनेच बाहेर टाकलेल्या धुळीने ती झाकली गेली होती. असा बदल नुसत्या डोळ्यांनी टिपता येतो. कमाललाही फळी आणि दोरीपलीकडे काही लागत नव्हतं.